रेस्ट सरकवू नका, जागा सरकवा

गेल्या अंकात बँडचे पार्ट कॉम्प्युटरवर कसे टाइप करायचे ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत चालींबद्दल, तालांबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. तक्रार आहे ती रेस्टची, म्हणजे गप्प राहायचं सांगणाऱ्या खुणेची. कुठं चिकटते, कुठं पळते, कुठं एकाच्या दोन दिसतात. म्हणून या वेळचं सदर रेस्टच्याच नावानं. पत्रं थोडी आखडून छापली आहेत, त्याबद्दल पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात बँड मास्तर आहे. वरातीच्या चालींचे क्लॅरिनेटचे पार्ट म्यूझस्कोर ४ या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो. क्रॉचेट (एका ठोक्याची) रेस्ट पुढच्या सुराला चिकटून बसते आणि मिनिम (दोन ठोक्यांच्या) रेस्टपुढं मात्र मोठं रान मोकळं दिसतं. ऑफसेटचा आकडा बदलून रेस्ट जागेवर आणतो, पण दोन बार (उभ्या रेघांमधली घरं) वाढवले की पुन्हा सगळं इकडचं तिकडं. रेस्टला हवी तेवढी जागा द्यायची कशी? सोबत एक पान जोडलं आहे.

उत्तर : मास्तर, आकडा भरायचा रकाना बदला, निम्मं काम तिथंच होईल. रेस्ट निवडून एफ-८ दाबलं की प्रॉपर्टीजचं पॅनेल उघडतं. त्यात अपिअरन्स उघडा. तिथं ऑफसेट आहे आणि लीडिंग स्पेसही आहे. ऑफसेटनं फक्त शाई सरकते. रेस्टसाठी सॉफ्टवेअरनं राखलेली जागा होती तिथंच राहते, पुढचा सूर तसूभरही हलत नाही. आज बार रुंद आहे म्हणून सरकवलेली रेस्ट बरी दिसते. उद्या त्याच ओळीत आणखी बार आले, हा बार आवळला गेला, की तोच ऑफसेट रेस्टला नेऊन पुढच्या सुरावर आदळतो. तुमचं इकडचं तिकडं होतं ते यामुळेच.

लीडिंग स्पेसनं खरी जागा वाढते. निवडलेल्या खुणेच्या आधी तेवढं अंतर पडतं आणि पुढचं सगळं पुढं ढकललं जातं. बार आवळला किंवा ताणला तरी सॉफ्टवेअर ते अंतर हिशेबात धरतं. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. ही जागा खुणेच्या आधी पडते. रेस्ट मागच्या सुराला चिकटली असेल तर रेस्ट निवडा. पुढच्या सुराला चिकटली असेल, जसं तुमच्या पानावर आहे, तर तो पुढचा सूर निवडा आणि त्याची लीडिंग स्पेस वाढवा. रेस्टला हातच लावायचा नाही.

आकडा किती? मोजमाप स्पेसमध्ये असतं. पाच रेघांतल्या दोन शेजारच्या रेघांमधलं अंतर म्हणजे एक स्पेस. पाच रेघांची उंची ७ मिलिमीटर असेल तर स्पेस १.७५ मिलिमीटरची. म्हणजे ०.५ भरलंत तर जेमतेम मिलिमीटरभर फरक पडतो, आणि डोळ्याला तेवढा पुष्कळ असतो. २ किंवा ३ भरून पार्ट फाटका करू नका.

हे झालं औषध. पण तुमचं पान पाहिल्यावर मला वाटतं, निम्म्या ठिकाणी औषधाची गरजच नाही. चाल हार्मोनियमवर पांढरी एकला, म्हणजे सी मेजरमध्ये, बसवलेली दिसते. क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, म्हणजे त्याचा पार्ट एक सूर वर, डी मेजरमध्ये जातो. डी मेजरला दोन शार्प, एफ आणि सी. तुम्ही ते ओळीच्या सुरुवातीला की सिग्नेचरमध्ये घातलेच नाहीत. जिथं एफ किंवा सी आला तिथं सुरापुढं शार्प ठोकला आहे. आता बघा, शार्पची खूण सुराच्या डाव्या अंगाला येते, म्हणजे नेमकी रेस्ट आणि सूर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. तुम्ही लाल पेनानं गोल केलेल्या चारही जागी रेस्टच्या पुढचा सूर एफ शार्प नाहीतर सी शार्प आहे. रेस्ट जिथं असायला हवी तिथंच आहे. मधली जागा शार्पनं खाल्ली. की सिग्नेचर घाला, शार्प उडतील, आणि त्या चारही रेस्ट आपोआप श्वास घेतील.

आमच्या गावच्या बँडमध्ये एक युफोनियमवाला आहे, साठीच्या पुढचा. सुटे सुटे शार्प घातलेला असाच एक पार्ट कोणीतरी त्याच्यापुढं ठेवला होता. तो कागद बल्बाखाली धरून म्हणाला, "भाऊ, इथं थांबाचं हाय का वाजवाचं? मले त दोन्ही एकाच जागी दिसून रायलं." वाचणाऱ्याची अडचण इतकीच असते आणि इतकीच खरी असते. आपल्याकडं सराव रात्रीच्या जेवणानंतर समाजमंदिरात, लाइन असली तर एका बल्बाच्या उजेडात. तिथं मिलिमीटरभर जागेला किंमत आहे.

आता मिनिम रेस्ट. दादऱ्याची चाल तुम्ही थ्री-फोरमध्ये, म्हणजे बारला तीन क्रॉचेट धरून, लिहिली आहे. बारमध्ये पहिल्या ठोक्यावर क्रॉचेट आणि पुढं मिनिम रेस्ट. हिशेब बरोबर आहे, बार भरतो, पण थ्री-फोरमध्ये असं लिहायचा रिवाज नाही. तिथं दोन क्रॉचेट रेस्ट घाला. दुसरा ठोका कुठं, तिसरा कुठं, हे वाजवणाऱ्याला दिसलं पाहिजे. तसं केलंत की मोकळ्या रानात मधोमध दुसरी खूण उभी राहते आणि रिकामेपणा आपोआप मोडतो. फोर-फोरमध्ये मिनिम रेस्ट चालते, पण ती पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या ठोक्यावर. दुसऱ्या-तिसऱ्यावर आडवी टाकू नका. बारचा मध्य झाकला जातो. सिक्स-एटमध्ये ठोका तीन क्वेव्हरचा, क्वेव्हर म्हणजे अर्धी क्रॉचेट. ठोक्याच्या सुरुवातीचे दोन क्वेव्हर गप्प असतील तर एक क्रॉचेट रेस्ट चालते. सूर आधी आणि मग दोन क्वेव्हर गप्प असतील, तर दोन क्वेव्हर रेस्ट वेगळ्या लिहितात. जागेचा प्रश्न म्हणून आलेली पत्रं पाहिली तर कितीतरी ठिकाणी प्रश्न चुकीच्या रेस्टचा निघतो.

आणि मिनिमला क्रॉचेटच्या दुप्पट जागा मिळते असंही समजू नका. लांबीच्या प्रमाणात सरळ जागा दिली असती तर चार क्रॉचेटएवढी एक सेमिब्रेव्ह अर्धी ओळ घेऊन बसली असती. लिलीपाँड नावाच्या सॉफ्टवेअरचा हिशेब त्याच्या मॅन्युअलमध्येच दिला आहे. चालीत सर्रास येणाऱ्या सगळ्यात छोट्या लांबीला सुराच्या डोक्याच्या रुंदीच्या २ पट जागा, त्याच्या दुप्पट लांबीला ३ पट, चौपट लांबीला ४ पट. डोरिको या सॉफ्टवेअरमध्ये लांबी दुप्पट झाली की जागा १.४१ पट होते, हा आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो. म्यूझस्कोरलाही असंच गुणोत्तर आहे, स्टाइलच्या खिडकीत स्पेसिंग रेशो म्हणून सापडेल. ते सगळ्या पार्टला एकदम लागू होतं, म्हणून एका रेस्टसाठी त्याला हात लावू नका. या सगळ्या हिशेबात रेस्ट आणि सूर यांच्यात भेद नसतो. क्रॉचेट रेस्टला क्रॉचेटएवढीच जागा. फक्त रेस्टची खूण बारीक, तिला दांडी नाही, म्हणून भोवतालची जागा डोळ्याला वेगळी वाटते.

एखादा बारच आवळलेला वाटत असेल तर एकेक खूण हलवत बसू नका. बार निवडा, फॉरमॅट मेनूत स्ट्रेच आहे, तिथून बार सैल करा. ओळीत बारांची गर्दीच झाली असेल तर बारची रेघ निवडून एंटर मारा, पुढचे बार खालच्या ओळीत जातील. कागद वाचवण्याच्या नादात एका ओळीत आठ-आठ बार कोंबतात मंडळी. पार्ट वाचायचा आहे की सातबारा?

शेवटचं. तुम्ही पूर्ण स्कोर उघडून काम करत असाल तर जपून. स्कोरमध्ये एकाच क्षणाला वाजणारे सगळे सूर एकाखाली एक उभ्या रेषेत असतात. चौफुलीवर लावलेल्या कपाशीसारखं समजा, आडवंही ओळीत, उभंही ओळीत, डवरा दोन्हीकडून चालला पाहिजे. क्लॅरिनेटच्या एका सुराची लीडिंग स्पेस वाढवलीत की ट्रंपेट, युफोनियम, ड्रम, सगळ्यांच्या ओळी तिथं फाकतात. फक्त क्लॅरिनेटवाल्याला कागद द्यायचा असेल तर त्याचा पार्ट उघडून तिथं काय ते करा. ऑफसेट मुळीच वापरू नये असं माझं म्हणणं नाही. एखादी रेस्ट स्लरच्या कमानीला टेकली आणि बाकी सगळं ठाकठीक असलं तर चिमूटभर ऑफसेट चालतो. पण तो सगळ्यात शेवटी, सगळे बार लिहून झाल्यावर, छापायच्या आदल्या दिवशी.

प्रश्न : देसाईगंज-वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत मी ऑर्गन वाजवतो. गाण्यांचे सूर लिहून खाली मराठी बोल टाकतो. ज्या ठोक्यांवर बोल आहेत ते लांब लांब फाकतात आणि रेस्टचे ठोके चिमटलेले दिसतात. गाणारा मग रेस्ट घाईनं उडवतो. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रात्रभर प्रयोग, दुरुस्तीला वेळ मिळत नाही. उपाय सांगा.

उत्तर : तुमचा गायक घाई करतो त्यात त्याचा दोष थोडा, कागदाचा जास्त. डोळा जागा पाहून थांबतो.

होतं ते असं. बोलाचं प्रत्येक अक्षर सुराच्या खाली मधोमध टांगलेलं असतं. रेस्टखाली अक्षर नसतं. देवनागरी अक्षर रुंद, त्यात जोडाक्षर आलं, "लक्ष्मी"तला "क्ष्मी" किंवा "ज्ञान"मधला "ज्ञा", की शेजारच्या दोन अक्षरांची टक्कर होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर सुरांनाच लांब करतं. रेस्टला असा धक्का कोणी देत नाही, ती आपल्या मूळ जागेत राहते. परिणाम, एकाच लांबीचे दोन ठोके, एक बोलाचा आणि एक गप्प राहण्याचा, आणि गप्प राहण्याचा ठोका निम्म्यावर आल्यासारखा दिसतो.

अशा वेळी प्रत्येक रेस्टपुढं लीडिंग स्पेस भरत सुटलात तर रात्र पुरायची नाही. आधी बोलांकडं या. स्टाइलच्या खिडकीत लिरिक्सचं पान आहे. तिथं अक्षराचा आकार १० असेल तर ९ करून बघा, आणि थोडा अरुंद पण स्पष्ट देवनागरी फॉन्ट निवडा. पसरट, गोलमटोल फॉन्ट लग्नपत्रिकेला शोभतो, इथं तो जागा खातो. म्यूझस्कोरच्या नव्या आवृत्त्यांत मजकुराला मुळात एडविन नावाचा फॉन्ट असतो, त्यात देवनागरी नाही. तुम्ही फॉन्ट निवडला नाहीत तर कॉम्प्युटर आपल्या मनानं कुठला तरी देवनागरी फॉन्ट उचलतो. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर एक आणि कंपनीच्या मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर दुसरा. फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलली, रुंदी बदलली की सुरांची जागा बदलली. घरी नीट बसवलेलं पान दुसरीकडं उसवतं ते यामुळं.

मग ओळीतले बार कमी करा. बोल असलेल्या गाण्याला एका ओळीत तीन-चार बार पुष्कळ झाले. ओळ सैल झाली की सगळ्याच ठोक्यांना जागा मिळते आणि अक्षरांच्या रेट्याचा फरक कमी होतो. अक्षरांमध्ये डॅश दिले की तेही जागा मागतात. दोन अक्षरी शब्दाला डॅश न देता नुसती स्पेस दिली तरी आपला गायक अडत नाही, त्याला गाणं तोंडपाठच असतं. लांब शब्दाला मात्र द्या. आणि तान किंवा लांबवलेल्या अक्षराची खालची रेघ शेवटच्या सुरापाशी थांबवा, रेस्टखालून ओढत नेऊ नका. रेस्टखाली रेघ दिसली की गायक आवाज सोडत नाही.

एवढं करून एखाद-दुसरी रेस्ट उरलीच तर तिच्या पुढच्या सुराला अर्धी-पाऊण स्पेस द्या.

प्रश्न : तिवसा तालुक्यातल्या आमच्या भजन मंडळात खंजिरी भजनं मुलांना शिकवतो. भातखंडे पद्धतीनं लिहिलेली वही आहे, ती आता स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या लिपीत) टाइप करून घेतो आहे. वहीतल्या प्रत्येक आडव्या रेघेला एक रेस्ट टाकली तर पान रेस्टनं भरून गेलं, सूर दिसेनासे झाले. या रेस्ट जवळ जवळ आणायची काही सोय आहे का?

उत्तर : सोय आहे, त्या काढून टाका.

भातखंडे पद्धतीत सुरापुढची आडवी रेघ म्हणजे तोच सूर आणखी एक मात्रा धरायचा. आवाज चालूच असतो. "ग - - रे" असेल तर गंधार तीन मात्रांचा, मग रिषभ. मात्रेला क्रॉचेट धरलीत तर गंधाराची एक डॉटेड मिनिम होते, रेस्ट एकही नाही. बारच्या पलीकडं सूर जात असेल तर टाय, म्हणजे दोन सुरांना जोडणारी कमान, द्या. बोलांच्या ओळीत जे अवग्रह असतात, ऽ ऽ असे, तेही अक्षर ओढायचं सांगतात, थांबायचं नाही.

रेस्ट फक्त तिथं, जिथं मंडळी खरंच गप्प होतात आणि खंजिरीच वाजत राहते. ते वहीत लिहिलेलं नसेल, बहुतेक वह्यांत नसतं. ते तुम्हीच गाऊन ठरवायचं. एक ध्रुपद मंडळाकडून म्हणवून घ्या, कुठं श्वास घेतात तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि तेवढ्याच रेस्ट टाका. केहरव्याच्या आठ मात्रा मी फोर-फोरच्या एका बारमध्ये आठ क्वेव्हर धरून लिहितो. पहिला ठोका समेवर येतो, तालातली खाली (टाळीविना मात्रा) तिसऱ्या ठोक्यावर, मुलांना टाळी देऊन दाखवायला सोपं जातं. खंजिरीचे बोल त्याच पाच रेघांवर घुसडू नका, तिला वेगळी एक रेघेची ओळ द्या. जागेचा प्रश्न मग राहणारच नाही.

प्रश्न : मी अचलपूरला बी.एस्सी. करते, चर्चच्या क्वायरसाठी लिलीपाँडमध्ये स्कोर लिहिते. पूर्ण बारची रेस्ट मधोमध न येता डावीकडं चिकटते. सोप्रानो-आल्टो एका स्टाफवर लिहिले की दोघींच्या रेस्ट वेगवेगळ्या दिसतात, कधी सुरावर चढतात. एक्स्ट्रा-ऑफसेट लावून लावून फाइल वाचवेनाशी झाली आहे.

उत्तर : पोरी, एक्स्ट्रा-ऑफसेट म्हणजे वर मास्तरांना सांगितला तोच प्रकार, शाई हलते आणि मांडणीला पत्ता नसतो. कोडच्या ओळी इथं छापणं जमत नाही, नावं सांगतो, स्पेलिंग मॅन्युअलमध्ये पडताळून घे.

लिलीपाँडमध्ये रेस्टची तीन अक्षरं आहेत आणि तिन्हींचं वागणं वेगळं. छोटा आर म्हणजे साधी रेस्ट. ती सुरासारखी ज्या ठोक्यावर सुरू होते तिथंच उभी राहते. तू पूर्ण बारसाठी छोटा आर लिहिलास म्हणून ती डावीकडं, पहिल्या ठोक्यावर बसली. तिनं बरोबरच केलं. मोठा आर म्हणजे पूर्ण बारची रेस्ट, ती दोन बाररेघांच्या मधोमध येते. तिची लांबी बारएवढीच लिहावी लागते. थ्री-फोर किंवा सिक्स-एटमध्ये डॉटेड मिनिमची. छोटा एस म्हणजे अदृश्य रेस्ट, वेळ जातो पण कागदावर काही उमटत नाही.

मोठा आर लिहूनही कधी ती मधापासून ढळलेली वाटते. बारच्या सुरुवातीला नवी टाइम सिग्नेचर किंवा क्लेफ आला असेल तर लिलीपाँड त्याच्या पुढच्या उरलेल्या जागेचा मध्य धरतं. मला तेच बरं वाटतं. तुला बाररेघेपासूनच मोजायचं असेल तर मल्टी-मेजर-रेस्टची स्पेसिंग-पेअर नावाची प्रॉपर्टी आहे, तिला दोन्हीकडं स्टाफ-बार सांग.

दोन आवाजांचं असं. वरच्या आवाजाची रेस्ट वर आणि खालच्याची खाली हे लिलीपाँड आपणहून करतं. तरी एखादी सुरावर चढली तर त्या जागी आर न लिहिता एका सुराचं नाव लिहून त्याला उलट्या तिरक्या रेघेसह रेस्ट जोड. त्या सुराच्या उंचीवर रेस्ट बसते. दोघी एकाच वेळी गप्प असतील तर दोन रेस्ट कशाला? मर्ज-रेस्ट्स-एन्ग्रेव्हर त्या स्टाफला जोड, दोन्हींची एक होते. म्यूझस्कोरवाल्यांनीही हे टिपून ठेवा, तिथं स्टाइलमध्ये रेस्टच्या पानावर जुळणाऱ्या रेस्ट एकत्र करायचा पर्याय आहे, आणि दुसऱ्या आवाजाच्या नको असलेल्या रेस्ट निवडून डिलीटही करता येतात. पहिल्या आवाजाच्या तशा जात नाहीत, त्या व्ही दाबून अदृश्य कराव्या लागतात.

आता खऱ्या जागेचं. सगळा स्कोर गच्च वाटत असेल तर स्पेसिंग-स्पॅनरची बेस-शॉर्टेस्ट-ड्युरेशन बघ. मुळात ती तीन-सोळांश असते. ती एक-सोळांश केलीस तर सगळं सैल होतं. एकाच कडव्यापुरतं हवं असेल तर तिथं न्यू-स्पेसिंग-सेक्शन टाकून मग बदल कर. ठोक्याला ठोका सारख्या अंतरावर, वेळेच्या सरळ प्रमाणात हवा असेल तर प्रपोर्शनल-नोटेशन-ड्युरेशन आहे. क्वायरच्या भजनाला ते वापरू नकोस. लांब सूर नुसते पसरतात आणि दोन पानांचं गीत चार पानांवर जातं. ताल शिकवायच्या तक्त्याला मात्र ते झकास.

जुने कारागीर धातूच्या पत्र्यावर उलटे सूर पोलादी पंचांनी ठोकून छपाईचे साचे करायचे. पत्र्यावर एकदा ठोकलेला सूर सरकवता येत नाही, म्हणून ठोकण्याआधी अख्ख्या ओळीची जागा आखून घेत. तू एक्स्ट्रा-ऑफसेट लावलेल्या सगळ्या ओळी एकदा पुसून टाक, मोठा आर घाल, आणि मग पान बघ. माझा अंदाज आहे, निम्म्याहून जास्त पुन्हा लावाव्या लागणार नाहीत.

प्रश्न : युफोनियमच्या पार्टात सोळा-सोळा बार रिकामे येतात, कागद वाया जातो. (पुसद तालुका)

उत्तर : म्यूझस्कोरमध्ये एम दाबा. सलग रिकाम्या बारांची एक जाड आडवी खूण आणि वर आकडा होतो. पण बार खरोखर रिकामे हवेत. चार क्रॉचेट रेस्ट टाकून भरलेला बार असेल तर तो निवडून डिलीट मारा, पूर्ण बारची रेस्ट येईल. लिलीपाँडमध्ये कॉम्प्रेस-एम-एम-रेस्ट्स आहे, तिथं दहा बारांपर्यंत जुन्या पद्धतीच्या उभ्या खुणा येतात, पुढं जाड पट्टी. खुणेची किमान रुंदी दोन्हीकडं बदलता येते, पण ती फार आखूड करू नका.

सोळा बारांची एकच खूण मात्र करू नका. वाजवणारा मोजता मोजता वराती बघायला लागतो. चाल जिथं वळते, अंतरा सुरू होतो, तिथं रिहर्सल मार्क टाका. त्या जागी खूण आपोआप तुटते आणि आठ-आठ असे दोन आकडे होतात. पुन्हा सुरू करायच्या आधीच्या दोन बारांत क्लॅरिनेटची ओळ छोट्या अक्षरात क्यू म्हणून दिलीत तर बिचारा जागेवर येतो.

प्रश्न : स्क्रीनवर रेस्ट, सूर सगळं छान दिसतं, तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवरून प्रिंट आणली की गचडी होते. (सिंदेवाही तालुका)

उत्तर : तुम्ही पेनड्राइव्हमध्ये म्यूझस्कोरची फाइल नेता आणि दुकानदार ती त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतो, असं पत्रावरून दिसतं. तिथं तुमचा देवनागरी फॉन्ट नाही, आवृत्ती कदाचित जुनी, म्हणून मांडणी नव्यानं होते. घरूनच पीडीएफ करून न्या. पीडीएफमध्ये जागा गोठते.

पानाचा आकार सुरुवातीलाच ए-फोर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये लेटर असेल आणि दुकानात ए-फोर, तर मशीन पान दाबून बसवतं. दुकानदाराला सांगा, "फिट टू पेज" काढ आणि "ॲक्चुअल साइज" ठेव. कित्येकदा तो ऐकत नाही, म्हणून प्रिंट हातात आली की तिथंच पट्टीनं पाच रेघांची उंची मोजा. ७ मिलिमीटर ठेवली होती आणि ६ भरली तर पैसे द्यायच्या आधी परत काढायला लावा. पंचायतीच्या कामाला गेलेल्या लोकांची रांग मागं असली तरी.